प्रेषितकार्य, दैनंदिन जीवनातील

येशू ख्रिस्ताने शिष्यांवर सोपवलेले कार्य रविवारची उपासना, प्रार्थनासभा, संडे स्कूल, महिला मंडळ आणि नाताळातील कॅरल-फेरी यांच्यापुरते न राहता ख्रिस्ती माणसाच्या नोकरीत, देण्याघेण्यात, शेजारधर्मात व नागरिक म्हणून असलेल्या वागण्यात उतरले पाहिजे, ही शिकवण आणि त्यानुसार जगण्याचा प्रयत्न. कॅथलिक लेखनात यास प्रापंचिकांचे, म्हणजे धर्मगुरू वा संन्यासी नसलेल्या सामान्य ख्रिस्ती लोकांचे, प्रेषितकार्य म्हणतात. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत (चर्चमध्ये) ‘साक्ष’ व ‘सेवा’ हे शब्द रूढ आहेत.

या शिकवणीचा आधार शुभवर्तमानातच आहे. पित्याने मला पाठवले तसे मी तुम्हांला पाठवतो, असे पुनरुत्थित येशू शिष्यांना सांगतो (योहान २०:२१). नासरेथच्या सभास्थानात त्याने यशया संदेष्ट्याचे जे वचन वाचले, त्यात दीनांना सुवार्ता आणि बंदिवानांना सुटका यांची घोषणा आहे (लूक ४:१८-१९). मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातील अंतिम न्यायाच्या वर्णनात तर भुकेला, तान्हेला, परका, उघडा, आजारी आणि तुरुंगातला माणूस यांच्याशी कोण कसे वागले एवढीच विचारणा होते. उपासनेला कोण किती वेळा हजर होते, हा प्रश्न तेथे येत नाही.

सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथरने शेतकरी, कारागीर व गृहिणी यांचे कामही धर्मगुरूच्या कामाइतकेच देवाचे पाचारण असल्याचे मांडले. मिशन हे मुळात देवाचे असून चर्च त्यात केवळ सहभागी होते, हा विचार १९५२ च्या जर्मनीतील विलिंगेन येथील आंतरराष्ट्रीय मिशनरी परिषदेनंतर दृढ झाला. कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १८ नोव्हेंबर १९६५ रोजी प्रापंचिकांच्या प्रेषितकार्यावर स्वतंत्र आदेशपत्रच काढले, तर सुवार्ताप्रसारावर भर देणाऱ्या प्रॉटेस्टंटांच्या १९७४ च्या लोझान कराराने सुवार्ताप्रसार आणि सामाजिक-राजकीय सहभाग ही दोन्ही ख्रिस्ती कर्तव्ये असल्याचे मान्य केले.

नागपुरात या विचाराचे सर्वांत जुने ठळक उदाहरण म्हणजे १८४५ साली येथे आलेला स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप. त्याने शाळा काढली, सुवार्ता सांगितली. त्याच आयुष्यात त्याने या परिसरातील खडक व जीवाश्म अभ्यासले आणि मध्य प्रांतातील आदिवासींच्या भाषा व चालीरीतींची टिपणे केली, जी रिचर्ड टेंपलने १८६६ मध्ये प्रसिद्ध केली. १८६३ साली टाकळघाटजवळची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना पुराच्या पाण्यात बुडून त्याचा मृत्यू झाला. धर्माचे काम कोठे संपते आणि जगाचे कोठे सुरू होते, हे त्याच्या चरित्रात वेगळे काढून दाखवता येत नाही. त्याच्या नावाचे महाविद्यालय १८८३ मध्ये सुरू झाले. पुढे म्युअर मेमोरियल रुग्णालयासारख्या संस्था उभ्या राहिल्या. सहा मंडळ्यांच्या एकत्रीकरणातून २९ नोव्हेंबर १९७० रोजी चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना याच शहरात झाली आणि भारतीय चर्चेसच्या राष्ट्रीय परिषदेचे मुख्यालयही सिव्हिल लाइन्स भागात आहे.

संस्थांच्या या वैभवाची एक किंमतही मोजावी लागली. शाळा, दवाखाना, वसतिगृह चालते आहे म्हणजे सेवा होतेच आहे, असे सामान्य सभासदाला वाटू लागले आणि त्याच्याकडे वर्गणी व हजेरी एवढेच उरले. काही काळ नागपुरात राहिलेल्या ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ सुरू केला, त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त एकत्र येत. चर्चच्या चौकटीबाहेर ख्रिस्ताचे अनुयायित्व जगण्याचा मराठीतील तो सर्वांत धाडसी प्रयोग म्हटला पाहिजे.

प्रत्यक्षात हे कार्य फारसे दिसत नाही, कारण त्याला मंडप लागत नाही. सरकारी रुग्णालयातील परिचारिका रात्रपाळीत नातेवाईक नसलेल्या रुग्णाची चादर न सांगता बदलते, कचेरीतील कारकून फाईल पुढे सरकवण्यासाठी काही मागत नाही, हिंगण्याच्या औद्योगिक वसाहतीत मजूर पुरवणारा ठेकेदार त्यांची हजेरी खरी लिहितो आणि मजुरी वेळेवर देतो. घरकामाला येणाऱ्या बाईचे मूल तापाने फणफणले असताना तिचे खाडे कापायचे की नाही, हा प्रश्न अशा विचारात किरकोळ नाही. कामकऱ्यांची अडवलेली मजुरी देवाकडे ओरड करते, असे याकोबाच्या पत्रात (५:४) स्पष्ट म्हटले आहे आणि ते पत्र मंडळीतल्या लोकांनाच उद्देशून लिहिलेले आहे.

ही सेवा आणि धर्मांतर यांचा संबंध हा सर्वाधिक वादाचा विषय आहे. नागपूर राजधानी असताना मध्य प्रदेश सरकारने १९५४ मध्ये निवृत्त मुख्य न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली मिशनरी कार्याच्या चौकशीसाठी समिती नेमली. तिच्या १९५६ च्या अहवालात शाळा व रुग्णालये यांचा धर्मांतरासाठी आमिष म्हणून वापर होत असल्याचा आक्षेप होता. ख्रिस्ती संघटनांनी हे निष्कर्ष नाकारले. राज्यघटनेचा अनुच्छेद २५ धर्मप्रसाराचा हक्क देतो. मात्र दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क त्यात येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ मध्ये दिला. निवाडा काहीही असो, बदल्यात काही अपेक्षून केलेली मदत ख्रिस्ताच्या शिकवणीतच बसत नाही. येशूच्या दृष्टांतातील चांगल्या शोमरोन्याने जखमी वाटसरूच्या मुक्कामाचे पैसे भरताना त्याचा धर्म विचारला नव्हता.

याहून अवघड प्रश्न मंडळीच्या आतला आहे. ज्या शहरात १४ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी लाखो अनुयायांसह जातिव्यवस्थेकडे पाठ फिरवून बौद्ध धम्म स्वीकारला, तेथील ख्रिस्ती कुटुंबांत लग्न जमवताना जात अजूनही पाहिली जात असेल, तर बाहेर दिलेल्या साक्षीला वजन राहत नाही. दलित ख्रिस्ती लोकांना १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातींच्या सवलती मिळत नाहीत. त्या मिळाव्यात या मागणीसाठी राष्ट्रीय परिषद आवाज उठवत आली आहे.