दहा हजार डॉलरची अमेरिकन क्रूझर: नाइटस्टर की स्काउट सिक्स्टी?

अमेरिकेत स्थिरावलेल्या मराठी मंडळींत ‘आता एक क्रूझर (ठेंगण्या सीटची, निवांत चालवायची मोटरसायकल) घ्यायची, आणि घ्यायची तर अमेरिकनच’ हा विषय निघाला की आधी हार्लेचं नाव येतं, मग कुणीतरी ‘इंडियन’चं काढतं. बजेट बेताचं असेल तर शेवटी दोनच गाड्या उरतात: हार्ले-डेव्हिडसनची नाइटस्टर आणि इंडियन मोटरसायकलची स्काउट सिक्स्टी बॉबर. २०२५च्या मॉडेलमध्ये दोघींची सुरुवातीची किंमत सारखीच होती, ९,९९९ डॉलर. एकीचं इंजिन ९७५ सीसी, दुसरीचं ९९९. दोन्ही ६० अंशांची व्ही-ट्विन (व्हीच्या आकारात दोन सिलिंडर), दोन्ही वॉटर-कूल्ड, दोन्हींचं मागचं चाक बेल्टवर फिरतं. एक ९० हॉर्सपॉवरची, दुसरी ८५ची. आकडे पाहून निवड करायची म्हटली तर नाणं उडवलेलं बरं.

पण ‘अमेरिकन’ ही अट खरोखरच महत्त्वाची असेल, तर कोष्टकात न दिसणारा एक फरक आधी बघा. स्काउटची जुळणी आयोवातल्या स्पिरिट लेक इथे होते. नाइटस्टर २०२२मध्ये आली तेव्हा ती पेनसिल्व्हेनियातल्या यॉर्कच्या कारखान्यात बनत होती. २०२४च्या मे महिन्यात मात्र बातमी आली की नाइटस्टरच्या इंजिन-कुळातल्या गाड्या २०२५च्या मॉडेलपासून अमेरिकन बाजारासाठीही थायलंडमध्ये बनणार. हार्लेचा तिथला कारखाना आधीपासून चालू होता. युरोपने २०१८मध्ये अमेरिकन मोटरसायकलींवर जादा आयातकर लावल्यावर तिकडच्या गाड्या थायलंडहून जाऊ लागल्या होत्या. घरच्या गिऱ्हाइकाची गाडीही तिथूनच येणार म्हटल्यावर कामगार संघटनेने जाहीर नाराजी दाखवली. त्यांचा राग मला समजतो. टाकीवरचं नाव बघून जास्तीचे पैसे मोजणाऱ्याला गाडी कुठे बनली हे विचारायचा हक्क आहे.

हे सेल्समनला विचारण्यापेक्षा हँडलच्या मानेजवळ, फ्रेमवर कोरलेला चेसिस नंबर वाचा. पहिलं अक्षर १, ४ किंवा ५ असेल तर गाडी अमेरिकेतली. थायलंडच्या गाडीचा नंबर एम या रोमन अक्षराने सुरू होतो. एवढं मात्र लक्षात असू द्या की सुटे भाग जगभरातून येतात. नाइटस्टरचे पुढचे शॉकॲब्सॉर्बर शोवा या जपानी कंपनीचे आहेत. शंभर टक्के अमेरिकन गाडी या किमतीत कुणीच देत नाही. जुळणी कुठली, एवढंच विचारता येतं.

आता चालवण्याबद्दल. नाइटस्टरची टाकी दिसते तिथे नाहीच. वरचा तो डौलदार आकार म्हणजे एअर फिल्टरवरचं झाकण; पेट्रोल सीटखाली असतं आणि भरताना सीट उचलावी लागते. पंपावर शेजारचा माणूस चमकून बघतो, पण यामुळे वजन खाली राहतं आणि २१८ किलोची गाडी सावकाश वळवताना तेवढी जड वाटत नाही. फुटरेस्ट पायांच्या खालीच. स्काउट तिच्याहून जड आहे, पण सीट जमिनीपासून जेमतेम ६५ सेंटिमीटरवर, त्यामुळे बुटक्या माणसाचेही दोन्ही पाय सपाट टेकतात. फुटरेस्ट मात्र पुढे आहेत. पाय ताणून बसायची सवय नसेल तर पहिल्या तासाभरात कंबर बोलू लागते. त्यात बॉबरच्या मागच्या सस्पेन्शनला हलायला जागा फक्त दोन इंच, नाइटस्टरला तीन. खड्डा आला की हा एक इंच कळतो.

गिअरमध्ये नाइटस्टर एक पाऊल पुढे: तिला सहा, स्काउट सिक्स्टीला पाच. हायवेवर तासन् तास एकाच वेगाने जाणाऱ्याला सहाव्या गिअरची किंमत कळते. ट्रॅक्शन कंट्रोल (मागचं चाक घसरू न देणारी यंत्रणा) आणि पावसासाठी वेगळा रायडिंग मोडही हार्लेने मुळातच दिलेत. स्काउटच्या साध्या प्रकारात एबीएस मिळतं, पण ट्रॅक्शन कंट्रोल आणि मोड हवे असतील तर वरचा ‘लिमिटेड’ प्रकार घ्यावा लागतो, म्हणजे ९,९९९चा हिशेब तिथेच मोडतो. तसाही तो पाटीवरचाच आकडा. वाहतूक, शोरूमचा जुळणीखर्च, राज्याचा कर आणि नोंदणी धरून अखेरचा आकडा लेखी मागा. आणि डबलसीट फिरायचं असेल तर मागची सीट आणि फुटरेस्टचा खर्चही धरा, कारण दोन्ही गाड्या कारखान्यातून एकाच माणसाच्या सीटसह येतात.

पुढच्या खर्चातही हार्लेचं पारडं जड आहे. नाइटस्टरचे व्हॉल्व्ह (इंजिनातल्या झडपा) हायड्रॉलिक पद्धतीने आपोआप जुळतात. स्काउटचे ठरावीक अंतरानंतर तपासून घ्यावे लागतात, आणि तिथली मजुरी अमेरिकेत स्वस्त नाही. हार्लेची शोरूम इंडियनच्या मानाने कितीतरी जास्त आहेत. शिवाय इंडियनची वंशावळ तुटक. १९०१ची, म्हणजे हार्लेहून दोन वर्षांनी थोरली कंपनी १९५३मध्ये बंद पडली, मधल्या काळात नाव या हातातून त्या हातात गेलं, आणि २०११मध्ये पोलारिस या अमेरिकन वाहन कंपनीने ते घेतल्यावर स्काउट पुन्हा जन्मली. २०२५च्या ऑक्टोबरमध्ये पोलारिसनेही बहुतांश हिस्सा कॅरोलवुड या गुंतवणूक कंपनीला विकायचं जाहीर केलं. याच पोलारिसने २०१७मध्ये आपला व्हिक्टरी हा ब्रँड गुंडाळला होता, हेही अनेकांच्या लक्षात आहे. यामुळे स्काउट वाईट ठरत नाही. घराजवळ इंडियनचं चालतं वर्कशॉप आहे का, एवढं मात्र आधी बघा.

माझं मत विचाराल तर नवी गाडी आणि अमेरिकन जुळणी या दोन्ही अटी ठाम असतील, तर स्काउट सिक्स्टी घ्या आणि पाच गिअरवर समाधान माना. सेकंडहँड चालत असेल तर चित्र उलटतं. २०२२ ते २०२४ची नाइटस्टर यॉर्कची आहे, सहा गिअरची आहे, आणि सुरुवातीला १३,४९९ डॉलरला लागलेली ही गाडी नव्याच किमती उतरल्यामुळे जुन्या बाजारात आणखी खाली आली. आणि इंजिनाला एअर-कूल्ड हार्लेचाच ठोका हवा असेल, तर जुनी स्पोर्टस्टर, म्हणजे आयर्न ८८३, शोधा. ताकद साधारण पन्नास हॉर्सपॉवर, वजन अडीचशे किलोच्या पुढे, गिअर पाचच. कन्सास सिटीत किंवा यॉर्कला बनलेली ती गाडी २०२२मध्ये बंद झाली. आयर्न २००९मध्ये आली; त्याहून जुनी स्पोर्टस्टर घेत असाल तर २००७ किंवा त्यानंतरची बघा. त्याआधीच्यांना कार्बोरेटर असतो, आणि थंडीच्या राज्यात सकाळी चोक ओढून वाट बघत उभं राहायची हौस प्रत्येकाला नसते.