‘थे कुठी लिवून हाय?’ : वऱ्हाडातल्या ख्रिस्ती विश्वासाची पार्श्वभूमी

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावात माझ्या आजीला अक्षरओळख नव्हती. तरी घरच्या प्रार्थनेत कुणी उपदेशक काही नवे सांगू लागला, की ती मधेच थांबवायची, “थे कुठी लिवून हाय?” मग बायबलमधला अध्याय काढावा लागे, वचन मोठ्याने वाचावे लागे. पटले तरच तिचे ‘आमेन’ निघे. जन्मभर कापूस वेचलेल्या बाईच्या तोंडी हा प्रश्न आला कुठून?

त्याची सुरुवात दूर बंगालात, श्रीरामपूरला झाली. तिथे इंग्रज मिशनरी विल्यम कॅरी यांनी १८०५ मध्ये मत्तयाचे शुभवर्तमान, म्हणजे मत्तयाने लिहिलेले येशूचे चरित्र, मराठीत छापले आणि १८११ मध्ये नवा करार, म्हणजे बायबलचा येशूपासून पुढचा भाग. त्यांना मराठीसाठी साहाय्य करणारे पंडित वैजनाथ नागपूरकडचे होते. म्हणजे छापील मराठी शास्त्राच्या, बायबलच्या, जन्मातच विदर्भाचा हात आहे, आणि मला याचे फार अप्रूप वाटते. ते मराठी मुंबईकडे रुचले नाही. तिथल्या अमेरिकन मिशनने स्वतंत्र भाषांतर केले, त्यांचा नवा करार १८२६ चा.

स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप नागपूरला आले १८४५ मध्ये. पुढे एकोणिसावे शतक सरता सरता अकोला, यवतमाळ या बाजूला इतर मिशनांची माणसे पोचली. शाळा आणि दवाखाने निघाले, त्यांचे ऋण मोठेच आहे. पण घराघरात जे मुरले ते पुस्तक. तेही ऐकून. १९०१ च्या जनगणनेत देशात शंभरात पाच-सहाच माणसे साक्षर होती. त्यामुळे एकाने वाचायचे आणि ओसरीभर माणसांनी ऐकायचे, हीच रीत पडली. शाळेत जाणारे पोर घरी शास्त्र वाचून दाखवी आणि बाया ते पाठ करत. आजीला पाठ असलेली स्तोत्रे अशीच कानावाटे आलेली.

कवी नारायण वामन टिळकांची गोष्ट याच मुलखातून जाणाऱ्या रेल्वेत घडली. नागपूरहून राजनांदगावला जाताना डब्यातल्या एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. टिळक वाचत गेले, येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनापाशी आले आणि तिथेच खिळले. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. देणारा पुढच्या स्टेशनांवर कुठेतरी उतरून गेला, पुस्तक मात्र त्यांच्यापाशी राहिले.

पंडिता रमाबाईंनी तर हिब्रू आणि ग्रीक शिकून सबंध पवित्र शास्त्र मराठीत आणले, साध्या बाईला कळेल अशा भाषेत. १९२२ मध्ये त्या वारल्या आणि १९२४ मध्ये ते छापून झाले. पुढे १९५३ मध्ये यवतमाळलाच युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली. कापसाच्या बाजारपेठेच्या या गावात देशभरातले तरुण शास्त्र शिकायला येत. १९८३ मध्ये ती पुण्याला गेली.

पण पुस्तकाचा एवढा आग्रह कशासाठी? प्रार्थना आहे, गाणी आहेत, मनाला येणारा अनुभव आहे, तेवढ्याने भागत नाही का? माझ्या मते नाही. ख्रिस्ती विश्वास घडलेल्या गोष्टीवर उभा आहे. येशू वधस्तंभावर मेला आणि तिसऱ्या दिवशी उठला, हे कुणाला ध्यानात बसून आपोआप कळत नाही. ज्यांनी पाहिले त्यांची साक्ष लागते, आणि ती साक्ष लिहिलेली आहे. खुद्द येशूने अरण्यात सैतानाला तिन्ही वेळा जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातले वचन पुढे करून उत्तर दिले. बिरुया या गावच्या लोकांनी तर पौलासारख्या प्रेषिताचे म्हणणेसुद्धा रोज शास्त्र उघडून पडताळले, आणि नव्या करारातल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात त्याबद्दल त्यांची वाखाणणीच आहे. आजीला बिरुया नकाशात दाखवता आले नसते. पण तिचा प्रश्न तिथलाच होता.

हा प्रश्न विचारायचे आम्ही विसरलो, तेव्हा काय झाले तेही सांगतो. २०१७ च्या हंगामात आमच्याकडे गुलाबी बोंडअळीने कपाशी पोखरली. त्याआधी एक फिरते उपदेशक काकांकडे उतरले होते. अमुक इतके दान द्या, अळी तुमच्या वावराला शिवणार नाही, असे ते म्हणाले. काकांनी उसने आणून दिले. आम्ही सगळे समोर बसलो होतो, एकानेही वचन विचारले नाही. आजी तेव्हा नव्हती. अळी आली ती आलीच. पैशापेक्षा काकांना लागले ते वेगळेच. आपला विश्वास कमी पडला म्हणून पीक गेले, असे ते धरून बसले.

त्या हिवाळ्यात एका संध्याकाळी मी त्यांना बायबलमधल्या हबक्कूक या संदेष्ट्याच्या पुस्तकाचा तिसरा अध्याय वाचून दाखवला. अंजिराला फूल नाही, द्राक्षवेलीला फळ नाही, शेतात अन्न नाही, गोठ्यात गुरे नाहीत, तरी मी परमेश्वराच्या ठायी आनंद करीन, असे तो संदेष्टा म्हणतो. पीक हातचे गेले म्हणून देव सोडून गेला, असे त्यात कुठेच नाही. काका बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “हे पहिल्यापासूनच लिवून होतं?”

होते, म्हटले. त्यांनी चष्मा लावला, पुस्तक माझ्या हातातून घेतले आणि ओळीवर बोट ठेवून स्वतः वाचायला लागले.