मिस्त्री, साइटवरनं चोरीला गेलं तर परत कुठलं घ्याल?

नमस्कार मंडळी,

गेल्या दिवाळीपासनं आम्ही दुकानात येणाऱ्या सुतारांना, गवंड्यांना, फर्निचरवाल्यांना एकच प्रश्न विचारतोय. वर्ष-दोन वर्षात घेतलेल्या हत्यारांपैकी असं कुठलं आहे, की साइटवरनं रातोरात चोरीला गेलं तर दुसऱ्या दिवशी सकाळी भिशीचे पैसे मोडून परत घ्याल? मशीन भारी आहे काय म्हणून विचारलं की सगळे हो म्हणतात, पण असं विचारलं की माणूस थांबतो, विचार करतो आणि मग खरं सांगतो. ही उत्तरं आणि त्यावरचं आमचं मत या पत्रकात आहे. आमच्याकडनंच घ्या असं काही नाही, कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत दुकानं भरपूर आहेत, पण घेताना काय बघायचं ते तेवढं वाचून जावा.

लेझर लेव्हल

गवंडी आणि फॉल्स सिलिंगवाल्यांचं उत्तर बहुतेक हेच. आधी लेव्हल ट्यूब घेऊन एक जण या भिंतीला, बिगारी त्या भिंतीला, पाइपात बुडबुडा आला की परत पाणी भरा, यातच सकाळ जायची. आता स्टँडवर ठेवलं, बटण दाबलं, चारी भिंतींवर रेघ. हिरव्या किरणाचंच घ्या असं आम्ही सांगतो, कारण तेवढ्याच ताकदीचा किरण असला तरी आपल्या डोळ्याला हिरवा लालपेक्षा कितीतरी उजळ दिसतो. बॅटरी जरा जास्त खातो, पण चालतंय. मात्र भर दुपारी उघड्या स्लॅबवर रेघ दिसंल अशी आशा धरू नका, तिथं ट्यूबच बरी.

बॉक्सवर 10 मीटरला 3 मिलिमीटर असं काहीतरी लिहिलेलं असतं, म्हणजे 10 मीटर लांब रेघ तेवढीच चुकणार, पण ते मशीन नवीन असताना. एकदा पायाडावरनं पडलं की तो आकडा गेला. म्हणून महिन्यातनं एकदा स्वतः तपासा. समोरासमोरच्या दोन भिंतींच्या बरोबर मधोमध मशीन ठेवून दोन्हीकडं खूण करा, मग मशीन एका भिंतीजवळ न्या, जवळच्या खुणेला रेघ जुळवा आणि लांबची खूण बघा. तिथं जेवढा फरक पडेल तेवढं मशीन खोटं बोलतंय. मधोमध असताना चूक दोन्हीकडं सारखी पडते म्हणून त्या खुणा एकमेकींच्या लेव्हलमध्येच असतात, एवढंच त्यातलं गणित. आणि गाडीवरनं नेताना लॉक लावायला विसरू नका ओ, आत लंबक लोंबकळत असतो, खड्ड्यातनं जाताना तोच बिघडतो.

बॅटरीचं मशीन आणि आकड्यांचा गोंधळ

दुकानात सगळ्यात जास्त वाद इथंच होतो. एक मिस्त्री म्हणाले मला 18 नको 20 व्होल्टचं द्या, जास्त ताकद पाहिजे. दोन्ही एकच आहेत. आत पाच सेल असतात, प्रत्येक 3.6 व्होल्टचा, म्हणजे 18. फुल चार्ज केल्या केल्या तोच सेल साधारण 4 च्या वर दाखवतो, म्हणून काही कंपन्या 20 मॅक्स लिहितात. 10.8 आणि 12 चं पण तसंच, तीन सेल. आणि ते बाजारात 48, 88, 188 असले आकडे छापलेले स्वस्तातले पॅक येतात ना, त्यातले कितीतरी उघडून बघितले तर आत पाचच सेल निघतात. तुम्ही व्होल्ट गुणिले अँपिअर-अवर करा, 18 गुणिले 4 म्हणजे 72 वॉट-अवर, काम किती वेळ चालणार ते यावर कळतं.

सुतारांचा लाडका निघाला तो स्क्रू मारायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर. स्क्रू जड जायला लागला की तो गोल दिशेनंच आतल्या आत ठोके देतो, त्यामुळं मनगटाला झटका बसत नाही आणि बिट स्क्रूच्या डोक्यातनं निसटत नाही. पण बिजागरीचे बारके स्क्रू, त्यातनं पार्टिकल बोर्ड असला तर याच्यानं नको, क्षणात भोक मोकळं होतंय. तिथं क्लच असलेला, म्हणजे ठरवलेला जोर आला की आपोआप सुटणारा, साधा ड्रिल ड्रायव्हर घ्या, क्लच खालच्या आकड्यावर ठेवा. आणि आरसीसीच्या बीमला भोक पाडायला हे दोन्ही नाहीत. त्याला एसडीएस बिटचं, म्हणजे खाचा असलेल्या दांड्याच्या बिटचं, रोटरी हॅमर लागतंय, त्यात पिस्टन हवेच्या दाबानं ठोकतो, म्हणून अंगानं रेटायची गरज पडत नाही. साध्या हॅमर ड्रिलवर छातीचा जोर लावून बीमशी झुंजणारी पोरं बघितली की आम्हालाच कसंतरी होतंय.

ब्रशलेस, म्हणजे कार्बन ब्रश नसलेल्या मोटरचं मशीन घ्यावं का? रोज वापरत असाल तर घ्या, कार्बन बदलायची कटकट नाही आणि त्याच बॅटरीवर काम जास्त निघतं. महिन्यातनं दोनदा वापरणार असाल तर पैसे वाचवा. आणि एकदा ज्या रंगाची, म्हणजे ज्या कंपनीची, बॅटरी घेतली त्याच रंगाची पुढची मशीनं घ्या, नाहीतर पेटीत चार चार्जर होतात.

प्लाय कापायचं

हे जरा मनापासनं सांगतोय. मार्बल कटरला लाकडाचं ब्लेड लावून प्लाय कापायची सवय सगळीकडं आहे, आणि काही जण तर ग्राइंडरला लावतात. चार इंची ग्राइंडर मिनिटाला 11 हजारांच्या आसपास फिरतो, दातांचं ब्लेड लाकडात अडकलं की मशीन मागं उसळतं, आणि ते थेट हातावर नाहीतर मांडीवर येतंय. काउंटरवर पैसे मोजताना बोट कमी असलेले हात आम्ही बघितलेत. ग्राइंडरसाठी म्हणून लाकडाचं ब्लेड कुणी मागितलं तर आम्ही देत नाही, राग आला तरी चालेल.

त्याच्या जागी प्लंज सॉ, म्हणजे वरनं खाली दाबून कापायची गोल करवत, आणि ती सरळ सरकायला रेल. मागच्या वर्षी ज्यांनी घेतलं त्यातल्या एकानं सांगितलं की सनमाइका लावलेला शीट पण कड न तुटता कापला जातोय. रेलच्या कडेला रबराची पट्टी असते, ती कापायच्या रेघेवरच दाबून बसते, म्हणून चिलपी उडत नाही. 8 फुटी शीटसाठी, म्हणजे 2440 मिलिमीटरला, 1400 च्या दोन रेल जोडाव्या लागतात, एक घेऊन घरी जाऊ नका. बजेट नसेल तर सात इंची सर्क्युलर सॉ, 40 किंवा 60 दातांचं ब्लेड आणि ॲल्युमिनियमची सरळ पट्टी क्लॅम्प करून पण चांगलं काम होतंय. शीटची चांगली बाजू खाली ठेवा तेवढी, दात खालनं वर येतात.

फरशीवाल्यांसाठी

2 बाय 4 फुटी टाइल आल्यापासनं लेव्हलिंग क्लिपा आणि टाइल उचलायची व्हॅक्यूम पकड यांना मागणी लई वाढली. क्लिपनं दोन टाइलच्या कडा एका पातळीत राहतात, पण खाली पोकळ असेल तर क्लिप काही करू शकत नाही. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ पीतच नाही, अर्ध्या टक्क्याच्या आत, म्हणून नुसत्या सिमेंटवर ती पकड धरत नाही. ॲडेसिव्ह घ्या, पोत्यावर आयएस 15477 हा टाइल ॲडेसिव्हचा भारतीय मानक क्रमांक लिहिलाय का बघा आणि दातेरी थापीनं ओढा, बेसनाचे लाडू ठेवल्यासारखे गोळे टाकू नका. कापताना पाणी मारा, मास्क लावा, ती पांढरी धूळ फुफ्फुसात जाऊन बसते ती परत निघत नाही.

मॉइश्चर मीटर

लाकडातली ओल मोजणारं, खिशात मावणारं, दोन पिनांचं. हे उत्तर आम्हाला अपेक्षित नव्हतं. आपल्याकडं मे महिन्यात लाकूड वाळून खडखडीत आणि जुलैत हवाच ओली, गगनबावडा-राधानगरीकडं तर विचारूच नका. ओल्या लाकडाचं दार बसवलं की उन्हाळ्यात फटी, आणि मे मध्ये घट्ट बसवलं की श्रावणात अडकतंय आणि मालक फोन करतो. लाकूड रुंदीत फुगतं, लांबीत जवळजवळ नाहीच, म्हणून फट कुठं सोडायची ते त्या हिशोबानं ठरवा. घरातल्या कामाला 12 टक्क्यांच्या आसपास लाकूड बरं. वखारीत जाताना मीटर खिशात ठेवा, दोन-तीन फळ्यांना टोचा, कापलेल्या टोकाला टोचू नका, ते टोक आधी वाळतं आणि फसवतं.

वायर, पुराचं पाणी वगैरे

2000 वॉटचं मशीन 230 व्होल्टला जवळपास 9 अँपिअर खेचतंय. एक स्क्वेअर एमएमच्या लांबलचक वायरवर ते चालवलं की टोकाला व्होल्टेज पडतं, मोटर तापते आणि मग मशीन खराब दिलं म्हणून आमच्याकडं येतात. अडीच स्क्वेअर एमएमची वायर आणि साइटच्या बोर्डावर 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लाइन तोडणारा स्विच, एवढं कराच.

2019 च्या आणि 2021 च्या पुरानंतर चिखलातनं काढलेली मशीनं पोत्यांनी आली. काही वाचली, काही वाळायच्या आधी चालू करून बघितल्यामुळं गेली. भिजलं तर चालू करू नका, बॅटरी काढा, ती बॅटरी चार्जला अजिबात लावू नका, आणि मशीन तसंच आणा. पावसाळ्यात पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका, बॅटरी बरेच दिवस वापरायची नसेल तर अर्धी चार्ज ठेवा, टेम्पोच्या काचेखाली उन्हात ठेवू नका.

शेवटचं उत्तर पाचगावच्या एका वयस्कर सुतारमामांचं. ते म्हणाले मशीनं गेली तर पोरगं बघंल, मला धारेची डायमंड प्लेट तेवढी परत पाहिजे. दगडासारखी मधनं झिजून खड्डा पडत नाही, पाणी मारलं की झालं, रंध्याचं पातं आणि पटाशी दहा मिनिटांत दाढी होईल अशी. प्लेट काउंटरवरच ठेवलीय, येताना घरातली बोथट पटाशी घेऊन या, तिच्यावरच चालवून दाखवतो.