दुष्काळाची पट्टी आणि जगाची वर्गणी

२०२५ सालासाठी युनोने जगभरातल्या युद्धात, दुष्काळात, पुरात सापडलेल्या लोकांकरता ४७ अब्ज डॉलर मागितले होते, हातात पडले साधारण १२. आणि २०२४ ला जगाने मिलिटरीवर घातले २,७१८ अब्ज, हा आकडा स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेचा. दिवसाला साडेसात अब्ज धरा. म्हणजे मागितलेली सगळी रक्कम मिलिटरीच्या सहा-साडेसहा दिवसांच्या खर्चात बसते, आणि मिळालेली तर दोन दिवस पण पुरत नाही. ऑफिसात चहा पिताना हे निघालं तर एकजण म्हणाला ट्रम्पने मदत बंद करून वाट लावली. लावली की, पण गोष्ट त्याच्याही खूप आधीची आहे आणि तिचा एक धागा आपल्या सोलापुरातून जातो, म्हणून हे टिपण.

१८७६ ला पाऊस गेला. दख्खनमध्ये जे जिल्हे सगळ्यात जास्त होरपळले त्यात आपला सोलापूर, इतका की १८८१ ची खानेसुमारी झाली तेव्हा जिल्ह्यातली माणसं १८७२ पेक्षा कमी भरली. इकडे लोक गावं सोडून चालले होते आणि तिकडे १ जानेवारी १८७७ ला व्हाइसरॉय लॉर्ड लिटनने दिल्लीत दरबार भरवला, राणी व्हिक्टोरियाला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर करायला. दुष्काळी कामावरच्या मजुराला काय, तर सरकारने दुष्काळ बघायला पाठवलेल्या रिचर्ड टेंपल साहेबांच्या हिशोबाने दिवसाला एक पौंड धान्य आणि वर एखादा आणा. एक पौंड म्हणजे अर्धा किलोला पण कमी, आणि त्यावर दिवसभर माती उचलायची. मुंबई इलाख्यात मजुरांनी कामं सोडली, पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूने अर्ज-तक्रारी करत राहिली.

पण मला खरा इंटरेस्ट पुढच्या भागात आहे. इतकी माणसं मेल्यावर सरकारने ठरवलं की दरवर्षी दीड कोटी रुपये पुढच्या दुष्काळासाठी बाजूला काढायचे, त्यासाठी धंदेवाल्यांवर लायसन्स टॅक्स बसवला. सुरतेत त्यावरून दंगल झाली. आणि १८७८ च्या नोव्हेंबरात अफगाणिस्तानात युद्ध सुरू झालं, खर्च वाढला, तशी ती दुष्काळाची तरतूद बाजूला गेली. टॅक्स मात्र चालू. दुष्काळासाठी घेतलेला पैसा लढाईला वापरला म्हणून त्या काळात भरपूर ओरड झाली.

आता जगाकडे येऊ. १९७० ला युनोच्या आमसभेने ठराव केला की श्रीमंत देशांनी आपल्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.७ टक्के गरीब देशांना मदत म्हणून द्यावी. त्याच्या आदल्या वर्षी कॅनडाचे माजी पंतप्रधान लेस्टर पिअर्सन यांच्या कमिशनने तेच सुचवलं होतं. ठराव झाला, पण नाही दिले तर काय, हे कुठेच नाही. ५४ वर्षांनी, २०२४ ला, सगळ्यांची मिळून सरासरी ०.३३ टक्के, आणि ०.७ च्या वर कोण तर नॉर्वे, लक्झेंबर्ग, स्वीडन, डेन्मार्क. चार देश. (ही विकासाची सगळी मदत धरून, संकटातली त्यातला एक तुकडा.)

आणि देणारा स्वतःची सोय बघूनच देतो हे आपल्याइतकं कुणाला माहिती. अमेरिकेचा १९५४ चा पीएल-४८० कायदा, ज्यातून आपल्याला गहू यायचा, तो मुळात त्यांच्याकडे जास्तीचं धान्य साठून राहिलं होतं म्हणून झाला. १९६५-६६ ला इकडे पाऊस नाही आणि प्रेसिडेंट जॉन्सन गव्हाची जहाजं महिन्या-महिन्याच्या हिशोबाने सोडत होते, शेतीचं धोरण बदला, व्हिएतनामवर बोलू नका, असा सगळा दाब.

१९९१ च्या डिसेंबरात युनोने संकटकाळच्या मदतीची आज आहे ती घडी बसवली, एक समन्वयक, दरवर्षी एकत्र अपील वगैरे. ठराव क्रमांक ४६/१८२. घडी चांगली, पण पैसे कसे यायचे? वर्गणीने. युनोचं नेहमीचं बजेट आणि शांतिसेना यांचा वाटा प्रत्येक देशाला ठरवून दिलेला असतो, भरावाच लागतो (थकवतात ते वेगळं), पण भुकेल्याला अन्न देणं ऐच्छिक. ज्याने कधी गणपती मंडळाचं पावतीपुस्तक धरलंय त्याला पुढचं सांगायला नको. पावतीवर आकडा लगेच, पैसे दसऱ्यानंतर बघू.

वर्गणीला नावं ठेवायची म्हणून नाही हां. १९३८ ला आपले डॉ. द्वारकानाथ कोटणीस युद्धात सापडलेल्या चीनला गेले ते पाच डॉक्टरांचं पथक काँग्रेसने लोकांकडून पैसा गोळा करूनच पाठवलं होतं, स्वतः पारतंत्र्यात असताना. चौघं परत आले, कोटणीस १९४२ ला तिकडेच वारले. सोलापुरात भैय्या चौकातलं त्यांचं स्मारक बघितलं नसेल तर बघा. पण पाच डॉक्टर पाठवणं वेगळं, दरवर्षी दहा-पंधरा कोटी माणसं जगवणं वेगळं.

ते कसं करायचं याचं एक उदाहरण आपल्याकडेच आहे. बहात्तरचा दुष्काळ. माझी आजी मोहोळकडे सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची. तिच्या डाव्या अंगठ्याचं नख शेवटपर्यंत वाकडंच वाढलं, हातोडी बसलेली. मिलो ज्वारीची लाल भाकरी थापताना कडा फाटायच्या, कामावर खायला सुकडी मिळायची ती आजी पदरात बांधून पोरांना आणायची. १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात असे जवळपास ५० लाख लोक कामावर होते. त्यातूनच विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी मांडलेली रोजगार हमी उभी राहिली, १९७७ ला कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू. मागितलं की काम द्यायचं, नाही दिलं तर बेकार भत्ता. पैसा कुठून? १९७५ ला शहरातल्या पगारदार-धंदेवाल्यांवर व्यवसाय कर बसवला, आणि जेवढा कर जमेल तेवढीच रक्कम सरकारने स्वतःची टाकायची. लिटनच्या लायसन्स टॅक्सचाच चुलत भाऊ म्हणा, पण यावेळी कशासाठी ते कायद्यात लिहून. त्या पैशाच्या वापरावरून भांडणं आहेतच, असावीत पण.

जगाच्या पातळीवर असं लिहून ठेवलेलं काही नाही, म्हणून २०२५ ला सगळं एकदम कोसळलं. ब्रिटनने ०.७ टक्क्याचा चक्क कायदा केला होता २०१५ ला, पण २०२१ मध्ये ०.५ वर आले आणि आता २०२७ पर्यंत ०.३, कारण उघड सांगितलं, डिफेन्सला पैसा हवा. १८७८ आठवलं ना? जूनमध्ये हेगला नाटो देशांनी २०३५ पर्यंत संरक्षण आणि त्याच्याशी जोडलेल्या खर्चावर उत्पन्नाच्या ५ टक्के ठरवले. १ जुलैला अमेरिकेची परदेशांना मदत देणारी संस्था यूएसएड, केनेडींनी १९६१ ला काढलेली, बंद झाली. त्याच जूनमध्ये युनोने ४७ अब्जाची मागणी २९ वर आणली, म्हणजे गरजूंच्या यादीतून नावं खोडली. २०२६ साठी ३३ अब्ज मागितलेत, त्यातले अगदी निकडीचे २३, ८.७ कोटी लोकांसाठी.

आमच्या पगार स्लिपवर पीटी, म्हणजे हाच व्यवसाय कर, म्हणून दोनशे रुपये कापलेले दिसतात, फेब्रुवारीत तीनशे. ऑफिसातल्या नव्या पोराने विचारलं हे कशाचे ओ, तर त्याला आजीच्या अंगठ्याचं सांगत बसलो, चहा गार झाला.