तटस्थ राष्ट्राचा युद्धप्रवेश

इतरांच्या युद्धात कोणाचीही बाजू न घेण्याचे जाहीर करणारे राष्ट्र पुढे त्याच युद्धात उतरते, त्या घडामोडीस तटस्थ राष्ट्राचा युद्धप्रवेश म्हणतात. १९०७ च्या हेग करारांनुसार तटस्थ राज्याने युद्धमान पक्षांना लष्करी साहाय्य द्यावयाचे नसते. त्याच्या नागरिकांना मात्र व्यापाराची मुभा असते. पुष्कळ वेळा तटस्थतेला पहिली चीर पडते ती या मुभेतूनच.

अमेरिकेचे उदाहरण याबाबत सर्वांत बोलके आहे. पहिले महायुद्ध सुरू होताच ऑगस्ट १९१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी तटस्थता जाहीर केली, तेव्हा दक्षिणेकडील कापूस उत्पादक युरोपची बाजारपेठ विस्कटल्याने हवालदिल झाले होते. पीक आपल्या शेतातले आणि भाव परक्या बाजारातला, ही अडचण मराठवाड्यातील कापूस उत्पादकास वेगळी समजावून सांगावी लागणार नाही. ऑगस्ट १९१५ मध्ये ब्रिटनने, स्फोटकांसाठी लागणारा म्हणून कापूस निषिद्ध माल (शत्रूकडे जाताना जप्त करता येणारा माल) ठरवला. परंतु त्याच वेळी भाव सावरण्यासाठी स्वतः खरेदीही केली. ब्रिटिश नाकेबंदीने अमेरिकेचा माल अडला, तरी त्याची भरपाई पैशात होऊ शकत होती. जर्मन पाणबुड्यांनी मात्र माणसे मारली. ७ मे १९१५ रोजी ‘लुसिटानिया’ ही ब्रिटिश प्रवासी बोट त्यांच्या हल्ल्यात बुडाली, त्या वेळी मृत्यू पावलेल्या ११९८ जणांत १२८ अमेरिकी होते.

तरीही अमेरिका लगेच युद्धात उतरली नाही. ऑक्टोबर १९१५ मध्ये ब्रिटन व फ्रान्सला अमेरिकी बाजारातून ५० कोटी डॉलरचे कर्ज मिळाले, आणि १९१६ ची निवडणूक विल्सन यांनी ‘देशाला युद्धापासून दूर ठेवले’ या प्रचारावर जिंकली. सावकारांनी आपली रक्कम वाचवण्यासाठी देशाला युद्धात ढकलले, असा आरोप १९३० नंतरच्या दशकात फार गाजला. पण तो अपुरा वाटतो, कारण कर्जे देऊनही दीड वर्ष शांतता टिकली होती. कर्जाचा खरा परिणाम बर्लिनमध्ये झाला. अमेरिकी माल व पैसा शत्रूलाच पोचत असल्याने तिच्याशी उघड वैर पत्करून फारसे काही गमवावे लागणार नाही, आणि तिचे सैन्य युरोपात पोचण्याआधी ब्रिटन उपासमारीने नमेल, असा हिशोब जर्मन सेनानींनी मांडला. १ फेब्रुवारी १९१७ पासून जर्मनीने पाणबुड्यांचे अनिर्बंध युद्ध सुरू केले. मेक्सिकोला टेक्सास, न्यू मेक्सिको व ॲरिझोना परत मिळवून देण्याचे आमिष दाखवणारी जर्मन परराष्ट्रमंत्री झिमरमान यांची तार १ मार्च रोजी वृत्तपत्रांत झळकली. ६ एप्रिल रोजी प्रतिनिधिगृहाने ३७३ विरुद्ध ५० मतांनी युद्धाचा ठराव संमत केला व त्याच दिवशी युद्ध जाहीर झाले.

इतरांची कारणे निराळी होती. इटलीने एप्रिल १९१५ च्या लंडन येथील गुप्त करारात प्रदेशाचा सौदा केला आणि मे महिन्यात युद्धात उडी घेतली. बेल्जियमवर १९१४ मध्ये जर्मनीने आक्रमण केल्याने त्याला निवडीची संधीच उरली नाही. तुर्कस्तानने दुसऱ्या महायुद्धात थेट फेब्रुवारी १९४५ मध्ये जर्मनीविरुद्ध युद्ध पुकारले, ते संयुक्त राष्ट्रांच्या स्थापना परिषदेत जागा मिळावी म्हणून.

तटस्थ राहावयाचे की नाही, हे ठरवण्यासाठी परराष्ट्र धोरण स्वतःच्या हाती असावे लागते. मराठवाडा त्या काळी हैदराबाद संस्थानात होता आणि संस्थानाचे परराष्ट्र व्यवहार ब्रिटिशांकडे होते. त्यामुळे १९१४ मध्ये येथे हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. ऑटोमन सुलतान खलिफा असूनही, तो ब्रिटिशांविरुद्ध युद्धात उतरल्यावर निजाम मीर उस्मान अली खान यांनी मुसलमानांना ब्रिटिशांशी एकनिष्ठ राहण्याचे आवाहन केले. हिंगोली, मोमिनाबाद (अंबाजोगाई) व औरंगाबाद येथे छावण्या असलेली हैदराबाद कंटिंजंट (निजामाच्या खर्चाने ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या हाताखाली ठेवलेली फौज) १९०३ मध्येच ब्रिटिश हिंदी सैन्यात विलीन झाली होती. तिच्यातून आलेल्या विसाव्या डेक्कन हॉर्स या घोडदळाच्या पलटणीने १४ जुलै १९१६ रोजी फ्रान्समधील सोमच्या लढाईत घोडदळाचा हल्ला चढवला, तेव्हा अमेरिका अद्याप तटस्थ होती.