व्हीएआर: मागणी टीव्हीसमोर बसणाऱ्यांची, मनस्ताप स्टँडमधल्यांचा

27 जून 2010 रोजी जोहान्सबर्गच्या सॉकर सिटी मैदानावर अर्जेंटिना आणि मेक्सिको विश्वचषकाच्या बाद फेरीत खेळत होते. अर्जेंटिनाच्या कार्लोस तेवेझने हेडरने गोल केला तेव्हा तो उघडउघड ऑफसाइड होता, म्हणजे सहकाऱ्याने चेंडू दिला तेव्हा बचावपटूंच्या पुढे, गोलजवळ उभा होता, पण लाइन्समनचा झेंडा काही वर गेला नाही. इथपर्यंत फुटबॉलला नवीन असं काहीच नव्हतं. नवीन होतं ते पुढचं. मैदानातल्या मोठ्या पडद्यावर त्या गोलचा रिप्ले लागला. प्रेक्षकांनी तो पाहिला, मेक्सिकोच्या खेळाडूंनीही पाहिला आणि ते लाइन्समनभोवती गोळा झाले. इटलीचे रेफरी रॉबर्टो रोसेट्टी लाइन्समनशी बोलले आणि गोल कायम राहिला. व्हिडिओ पाहून निर्णय फिरवण्याची सोय नियमांत नव्हतीच.

त्याच दिवशी, काही तास आधी, ब्लूमफाँटेनला इंग्लंडच्या फ्रँक लॅम्पार्डचा फटका क्रॉसबारला लागून गोलरेषेच्या चांगला आत पडला आणि बाहेर उसळला. गोल दिला गेला नाही. दिला असता तर जर्मनीशी 2-2 अशी बरोबरी झाली असती. शेवटी इंग्लंड 4-1 ने हरलं.

यावर फिफाची पहिली प्रतिक्रिया मासलेवाईक होती: असे वादग्रस्त रिप्ले स्टेडियमच्या पडद्यावर दाखवायला नको होते. रेफरीला दिसेना, तर प्रेक्षकांनाही दिसू नये! नंतर अध्यक्ष सेप ब्लाटर यांनी दोन्ही देशांच्या संघटनांची माफी मागितली आणि गोलरेषा तंत्रज्ञानाचा विषय पुन्हा उघडायची तयारी दाखवली. फुटबॉलचे नियम ठरवणाऱ्या इफॅब या मंडळाने तो विषय त्याच वर्षी मार्चमध्ये बंद करून टाकला होता.

आज व्हीएआरवर, म्हणजे व्हिडिओ पाहून रेफरीला मदत करणाऱ्या सहायक रेफरींच्या पद्धतीवर, जो राग दिसतो, त्याचं मूळ या विचित्र परिस्थितीत आहे. घरी टीव्हीसमोर बसलेल्या माणसाला रेफरीपेक्षा जास्त दिसू लागलं होतं. ‘आम्हाला दिसतं ते त्यांना का दाखवत नाही?’ हा प्रश्न त्याचा होता आणि तो रास्तच होता. फक्त तो विचारणारा चाहता मैदानात नव्हता.

चुका काही तेव्हा सुरू झाल्या नाहीत. 1966 च्या वेम्बलीवरच्या अंतिम सामन्यात जादा वेळेत जेफ हर्स्टचा फटका क्रॉसबारला लागून खाली आला. चेंडू रेषेपलीकडे गेला की नाही, हे स्विस रेफरी गॉटफ्रीड डिन्स्ट यांना ठरवता येईना. त्यांनी लाइन्समन तोफिक बहरामोव यांना विचारलं, त्यांनी होकार दिला आणि इंग्लंडला गोल मिळाला. पश्चिम जर्मनीत तो गोल आजवर कुणी मनापासून मान्य केलेला नाही. उलट बहरामोव यांच्या अझरबैजानमध्ये बाकूच्या मोठ्या स्टेडियमला त्यांचं नाव आहे. 1986 मध्ये मेक्सिको सिटीत दिएगो माराडोनाने इंग्लंडविरुद्ध हाताने गोल केला, तो रेफरी सोडून टीव्हीवर सगळ्या जगाने पाहिला. अशा चुका तेव्हा दंतकथा होत. त्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या वाद घालता येत, आणि खरं सांगायचं तर तो वादही चाहत्यांना हवाहवासा असे.

मग कॅमेरे वाढले, स्लो-मोशन आली, स्टुडिओत बसून निर्णयांची चिरफाड करणारे तज्ज्ञ आले. दंतकथेची जागा पुराव्याने घेतली. 18 नोव्हेंबर 2009 ला पॅरिसजवळच्या स्टाद द फ्रान्सवर फ्रान्सच्या थिएरी ऑन्रीने हाताने चेंडू अडवून विल्यम गॅलसला पास दिला. त्या गोलमुळे आयर्लंडचा विश्वचषक हुकला. आयर्लंडच्या संघटनेने 33 वा संघ म्हणून प्रवेश मागितला. तो मिळाला नाही, पण फिफाने या संघटनेला 50 लाख युरो दिल्याचं 2015 मध्ये बाहेर आलं.

क्रिकेटने टीव्ही पंच 1992 मध्येच आणला होता. डर्बनला सचिन तेंडुलकर त्या पद्धतीने धावबाद ठरलेला पहिला फलंदाज. पण क्रिकेट प्रत्येक चेंडूनंतर थांबतंच, तेव्हा पडद्याकडे पाहायला वेळ असतो. फुटबॉल थांबत नाही. तो थांबवावा लागतो, आणि पुढच्या बहुतेक तक्रारी इथूनच निघाल्या.

पहिली पायरी मात्र सुखाची झाली. जुलै 2012 मध्ये इफॅबने गोलरेषा तंत्रज्ञानाला मंजुरी दिली. चेंडू पूर्णपणे रेषेपार गेला की सेकंदाभरात रेफरीच्या घड्याळावर संदेश येतो. खेळ थांबत नाही, कुणाचं मत विचारलं जात नाही. यावर चाहत्यांनी फारशी कुरकुर केलेली नाही. जून 2020 मध्ये अ‍ॅस्टन व्हिला विरुद्ध शेफील्ड युनायटेड सामन्यात गोलरक्षक चेंडू घेऊन रेषेपलीकडे गेला. गोलजवळच्या गर्दीत कॅमेऱ्यांना चेंडू दिसलाच नाही आणि घड्याळ गप्प राहिलं. तंत्रज्ञान पुरवणाऱ्या कंपनीने माफी मागितली. त्या हंगामात व्हिला खालच्या श्रेणीत जाण्यापासून एका गुणाने वाचली. एवढं होऊनही हे तंत्रज्ञान काढून टाका, अशी मोहीम उभी राहिली नाही.

व्हीएआरचं बियाणं नेदरलँड्समधलं. तिथल्या संघटनेने 2012-13 च्या सुमारास साखळी सामन्यांच्या वेळी बाजूला बसून व्हिडिओ तपासायचे प्रयोग केले; रेफरीला काहीच कळवलं जात नव्हतं. ब्लाटर आणि युएफा या युरोपीय संघटनेचे मिशेल प्लाटिनी दोघेही निलंबित झाल्यावर वाट मोकळी झाली. प्लाटिनींचा व्हिडिओला ठाम विरोध होता, त्यांना गोलजवळ जादा सहायक रेफरी उभे करणं पसंत होतं. मार्च 2016 मध्ये इफॅबने चाचण्यांना परवानगी दिली. त्याच सप्टेंबरात आयाक्सविरुद्धच्या चषक सामन्यात विलेम टू संघाच्या अन्वर काली याला दिलेलं पिवळं कार्ड व्हिडिओ पाहून लाल झालं. मार्च 2018 मध्ये व्हीएआर नियमपुस्तकात आलं. गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला कार्ड, एवढ्या चारच बाबी, आणि त्याही चूक ‘स्पष्ट आणि ढळढळीत’ असेल तरच. रशियातल्या विश्वचषकात 29 पेनल्टी दिल्या गेल्या, तो विक्रम ठरला. घरून पाहणाऱ्या बहुतेकांना ती स्पर्धा आवडली. आणि योगायोग पाहा, त्याच वर्षी युएफाच्या रेफरी विभागाचं प्रमुखपद रॉबर्टो रोसेट्टींकडे आलं.

स्टँडमध्ये मात्र वेगळंच घडत होतं. एप्रिल 2018 मध्ये जर्मनीत माइन्झ विरुद्ध फ्रायबुर्ग सामन्यात मध्यंतराची शिट्टी वाजून फ्रायबुर्गचे खेळाडू आत गेले होते. व्हीएआरने हँडबॉल दाखवला, खेळाडूंना परत बोलावलं गेलं, पेनल्टी मारली गेली, गोल झाला आणि मध्यंतर पुन्हा सुरू झालं. चाहते तर आधीच सोमवारच्या सामन्यांच्या निषेधार्थ टॉयलेट पेपरचे रोल घेऊन आले होते. टीव्हीच्या सोयीसाठी सोमवारी खेळणं आणि टीव्हीच्या चित्रावर निर्णय फिरवणं, ही जर्मन चाहत्यांच्या लेखी वेगवेगळी गाऱ्हाणी नव्हती. खेळ स्टेडियममधून उचलून कोलोनच्या तळघरात नेला, असं ते म्हणतात. व्हिडिओ रेफरींचं केंद्र कोलोनला आहे.

इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये व्हीएआर 2019-20 पासून आलं आणि तिथे भांडण मिलीमीटरवर येऊन ठेपलं. नोव्हेंबर 2019 मध्ये लिव्हरपूलच्या रॉबर्टो फिर्मिनोचा गोल काखेमुळे ऑफसाइड ठरला. ऑफसाइडचा नियम गोलजवळ फुकट दबा धरून बसणाऱ्याला रोखायला आला होता, काखा मोजायला नव्हे. माझ्या मते इथेच व्हीएआरने पुष्कळ हितचिंतक गमावले. पण त्याहून खोल दुखणं होतं ते जल्लोषाचं. एप्रिल 2019 मध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत मँचेस्टर सिटीच्या रहीम स्टर्लिंगने टॉटनहॅमविरुद्ध भरपाई वेळेत गोल केला आणि स्टेडियम वेडं झालं. थोड्या वेळाने ऑफसाइड म्हणून गोल रद्द झाला आणि टॉटनहॅम पुढे गेलं. निर्णय बरोबर होता. तरीही त्यानंतर गोल झाला की आधी रेफरीकडे पाहायचं आणि मग ओरडायचं, ही सवय अनेकांना लागली. ‘हे आता फुटबॉल राहिलं नाही’ अशा अर्थाची घोषणा इंग्लिश स्टँडमध्ये रुळली ती याच काळात.

बरं, अचूकता तरी? प्रीमियर लीगच्या आकडेवारीनुसार महत्त्वाचे निर्णय बरोबर येण्याचं प्रमाण 82 टक्क्यांवरून 96 टक्क्यांवर गेलं. मोजणारे त्यांचेच आहेत, तरी सुधारणा झालीच नाही असं म्हणणं हट्टीपणाचं होईल. अडचण अशी की उरलेल्या चुकांना आता सबब राहिलेली नाही. सप्टेंबर 2023 मध्ये टॉटनहॅमविरुद्ध लिव्हरपूलच्या लुइस डियाझचा वैध गोल ऑफसाइड म्हणून नाकारला गेला. मैदानावरचा निर्णय गोलचाच होता, असं समजून व्हीएआर खोलीने ‘तपासणी पूर्ण’ म्हणून कळवलं होतं. गफलत लक्षात आली तोवर खेळ सुरू झाला होता आणि नियमाने मागे जाता येत नव्हतं. पुढे जाहीर झालेल्या ध्वनिमुद्रणात ती खोली हतबल ऐकू येते. लॅम्पार्डच्या वेळी रेफरीला दिसलं नव्हतं. इथे दिसूनही उपयोग झाला नाही.

मे 2024 मध्ये प्रीमियर लीगमधल्या वुल्व्हरहॅम्प्टन क्लबने व्हीएआर बंद करायचा ठराव मांडला. कारणांमध्ये गोलच्या जल्लोषाचा मुद्दा ठळक होता. जूनमध्ये मतदान झालं आणि ठराव 19 विरुद्ध 1 मतांनी फेटाळला गेला. तिथे मत क्लबमालकांचं असतं, चाहत्यांचं नसतं.

स्वीडनमध्ये तसं नाही. तिथल्या 51 टक्क्यांच्या नियमाने क्लबमधली बहुमताची मतं सभासदांकडे, म्हणजे चाहत्यांकडे राहतात. चाहते क्लबच्या वार्षिक सभांना गेले, व्हीएआरविरुद्ध ठराव करून घेतले, आणि एप्रिल 2024 मध्ये स्वीडिश संघटनेने व्हीएआर आणणार नसल्याचं जाहीर केलं. मोठ्या युरोपीय लीगमध्ये असा नकार दुसरा नाही. विशेष म्हणजे हा नकार अचूकतेला नव्हता. चुका होतील, चालतील, पण गोल झाल्याचा क्षण आमच्याकडे राहू द्या, असं म्हणणं होतं.

नॉर्वेने 2023 मध्ये व्हीएआर आणलं होतं, त्यामुळे तिथली लढाई ते काढण्याची होती. जुलै 2024 मध्ये रोझेनबोर्ग विरुद्ध लिलेस्ट्रॉम सामन्यात चाहत्यांनी मैदानावर टेनिसचे चेंडू आणि चक्क माशांच्या वड्या फेकल्या. खेळ पुन्हा पुन्हा थांबला आणि अखेर सामना रद्द करावा लागला. जानेवारी 2025 मध्ये वरच्या दोन श्रेणींतल्या 32 क्लबांनी 19 विरुद्ध 13 मतांनी व्हीएआर हटवण्याची शिफारस केली. पण अंतिम निर्णय संघटनेच्या सर्वसाधारण सभेचा. तिथे तळागाळातले क्लब आणि जिल्हा मंडळंही मत देतात. मार्चमध्ये त्या सभेने 321 विरुद्ध 129 मतांनी व्हीएआर कायम ठेवलं. तळागाळातल्या त्या क्लबांच्या स्वतःच्या मैदानांवर ते कधी वापरलं जात नाही.