पर्मिएट की पर्व्हेड : एका निवडीची पार्श्वभूमी

एखादी गोष्ट दुसऱ्या गोष्टीत सगळीकडे पसरली की इंग्रजीत 'पर्मिएट' (permeate) लिहावं की 'पर्व्हेड' (pervade), हा निवडीचा प्रश्न पडतो. ही जोडी सतराव्या शतकाच्या मध्याला लॅटिनमधून इंग्रजीत आली. दोन्हींच्या आरंभी 'आरपार' या अर्थाचा उपसर्ग आणि पुढे 'जाणे' याच अर्थाचा धातू. त्यामुळे व्युत्पत्ती उकरून निवड करू पाहणाऱ्याच्या हाती काही लागत नाही. याच अर्थाच्या जवळचा तिसरा शब्द 'सफ्यूज' (suffuse) थोडा आधीचा. त्यात 'खालून ओतणे' आहे, म्हणून गालांवर चढणारी लाली त्याच्या वाट्याला आली. (लॅटिन वैद्यकात त्याच कुळातला शब्द मोतीबिंदूला वापरत.)

फारकत केली ती वापराने. न्यूटनच्या 'प्रिन्सिपिया' या लॅटिन ग्रंथाच्या १७१३ च्या दुसऱ्या आवृत्तीत सगळ्या जड पदार्थांत भरून राहिलेल्या, दडलेल्या एका अतिसूक्ष्म तत्त्वाचा उल्लेख आहे. १७२९ च्या इंग्रजी अनुवादात तिथे लॅटिन क्रियापदच उचलून 'पर्व्हेड' ठेवलं. 'येन सर्वमिदं ततम्' (ज्याने हे सर्व व्यापलं आहे) या गीतेतल्या चरणालाही १८८२ च्या इंग्रजी गद्य अनुवादात 'पर्व्हेड'च आला. आपलं 'व्यापणे' ते हेच: जे कुठून आलं हे विचारायचं नसतं, ते सगळीकडे असतंच.

'पर्मिएट'ला मात्र वाट लागते, छिद्र लागतं. धुराचा वास खोलीभर असतो तेव्हा 'पर्व्हेड'. तोच पडद्यांच्या धाग्याधाग्यांत शिरला की 'पर्मिएट'. कोश अनेकदा एकाचा अर्थ दुसऱ्याने सांगून मोकळे होतात, तेव्हा हा फरक हाती लागत नाही.

खरा गुंता विसाव्या शतकातला. कृत्रिम पटलांतून पाणी गाळण्याचं तंत्र १९६० च्या दशकात प्रयोगशाळेबाहेर आलं. कॅलिफोर्नियातल्या एका गावात १९६५ साली त्यावर खारवट पाणी पिण्याजोगं होऊ लागलं. पटलापलीकडे गेलेल्या पाण्याला 'पर्मिएट' म्हणतात. क्रियापदाचं नाम झालं, आणि इथे पर्मिएट म्हणजे हवं ते. दुधाच्या धंद्यात नेमकं उलटं. तिथे प्रथिनं आणि स्निग्धांश पटलाअलीकडे राहतात. पलीकडे जातं ते पाणी, दुग्धशर्करा आणि क्षार. तेही पर्मिएटच. २०१२ मध्ये ऑस्ट्रेलियात दुधाच्या बाटल्यांवर 'पर्मिएटमुक्त' अशी जाहिरात सुरू झाली, तेव्हा दुधातलाच एक भाग लोकांना भेसळीसारखा वाटू लागला. शब्दाचा दोष एवढाच की तो फक्त 'आरपार गेलेलं' इतकंच सांगतो. काय गेलं, ते सांगत नाही.

याच वापरातून आणखी एक प्रश्न येतो. 'पर्मिएट' या क्रियापदानंतर 'थ्रू' (through, 'मधून') लिहावं का? 'आरपार' शब्दातच आहे, म्हणून शैली तपासणारे ते खोडतात. वास, भीती, अविश्वास यांच्या बाबतीत त्यांचं बरोबरच आहे. पण पाणी पटलातून पलीकडे जातं तेव्हा 'थ्रू' खोडलं की पाणी पटलातच मुरून राहिलं असं वाचलं जाऊ शकतं. तिथे तो शब्द राहू द्यावा.

'पर्व्हेड'च्या घरातलं विशेषण 'पर्व्हेझिव्ह' (pervasive, सर्वव्यापी) वेगळ्याच दिशेला गेलं. १९८० साली अमेरिकेच्या मनोविकार वर्गीकरणात ते स्वमग्नता (ऑटिझम) ज्यात मोडत होती त्या विकारगटाच्या नावात बसलं आणि २०१३ च्या आवृत्तीत त्या गटाबरोबरच बाहेर पडलं. मराठी 'भिनणे' मात्र या सगळ्यांतून निसटतं. विष अंगात भिनतं त्यात शिरणं आहे, पसरणं आहे आणि त्याला लागणारा वेळही आहे; त्यासाठी इंग्रजीत 'स्लोली' वेगळं लिहावं लागतं.